हिरवळीवरचा चट्टा पाहायचा तर कडेपासून

हिरवळीवर पिवळा किंवा तपकिरी चट्टा उमटला की पहिला प्रश्न हमखास "कोणते औषध मारू?" असाच येतो. हौसेने गवत राखणाऱ्या आणि या विषयावर माझ्याशी बोलणाऱ्या बहुतेकांची सुरुवात इथूनच होते आणि मला ती मनापासून खटकते. कारण चट्टा कशामुळे पडला हे कळण्याआधी निवडलेले औषध पुष्कळदा वाया जाते आणि क्वचित रोग वाढवतेही. या विषयात मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या दोनच गोष्टी. चट्ट्याचे निदान त्याच्या मध्यभागी होत नाही, कडेला होते. आणि गवताचे पाते दिवसाच्या चोवीस तासांपैकी किती तास ओले राहते, हा हिशेब सुधारल्याशिवाय कोणताही उपचार टिकत नाही.

बुरशी ही हिरवळीवर बाहेरून आलेली आपत्ती आहे, असे समजण्यात गफलत आहे. रोगकारक बुरशींचे तंतू, बीजाणू किंवा गाठींसारखे विश्रांती घेणारे अवशेष जवळपास प्रत्येक हिरवळीच्या मातीत आणि कुजत्या काडीकचऱ्याच्या थरात बारा महिने असतात. रोग पडण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात : रोगाला बळी पडणारे गवत, रोग घडवणारी बुरशी आणि त्या बुरशीला मानवणारे हवामान. यांपैकी बुरशी कायमची घालवणे कोणालाच शक्य नाही. हवामानावरही आपला ताबा नाही. पण पात्याच्या आसपासचे दोन-चार इंचांचे जे छोटे हवामान असते, त्यातला ओलावा, वारा आणि ऊन यांवर आपला बराच ताबा असतो. गवताचे पोषण आणि उंची तर पूर्णपणे आपल्या हातात असते. म्हणून कोणती बुरशी आहे हे ओळखायचे ते केवळ तिला मारण्यासाठी नव्हे. आपल्या देखभालीतली नेमकी कोणती सवय तिला पोसते आहे हे कळावे म्हणूनही ओळखायचे.

आधी जे बुरशीचे नाही ते बाजूला काढावे. बुरशीला सरळ रेषा आखता येत नाही, त्यामुळे चट्ट्याला धारदार सरळ कड असेल, एकाच मापाचे पट्टे असतील किंवा यंत्राच्या चाकांच्या मागावर नुकसान झाले असेल, तर आधी खत पसरताना पडलेला जादा हात, सांडलेले इंधन किंवा तणनाशक यांचा संशय घ्यावा. कुत्र्याच्या मूत्राने पडलेला डाग मध्यभागी करपलेला असतो आणि त्याभोवती गवत उलट जास्त गडद हिरवे आणि उंच वाढलेले दिसते, कारण कडेला नत्राची मात्रा विरळ होऊन खतासारखी लागू पडते. सगळी हिरवळ दुरून पांढुरकी दिसत असेल, तर एक पाते तोडून त्याचे टोक पाहावे. ते पिंजलेले, फाटलेले असेल तर दोष कापणीयंत्राच्या बोथट पात्याचा आहे. पाण्याचा ताण पडलेले गवत निळसर-करडे होते आणि त्यावरून चालल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ उमटून राहतात. अशा ठिकाणी लांब स्क्रूड्रायव्हर मातीत दाबून पाहावा : शेजारच्या हिरव्या गवतात तो सहज जात असेल आणि चट्ट्यात अडत असेल, तर खाली कोरडी घट्ट माती, दगड किंवा बांधकामाचा राडारोडा आहे.

किडींचा प्रश्न असाच हाताने सोडवता येतो. चट्ट्याच्या कडेचे गवत मुठीत धरून ओढावे. हिरवळ सतरंजीसारखी अलगद गुंडाळली जात असेल, तर मुळे हुमणीने खाल्लेली आहेत आणि तिची पांढरी, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची अळी खालच्या मातीतच सापडेल. पाने खाणाऱ्या अळ्यांचा संशय असल्यास चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे भांडी घासण्याचे द्रव साबण मिसळून एक चौरस मीटरवर ओतावे. लपलेल्या अळ्या काही मिनिटांत वर येतात. एवढे सगळे पाहायला जेमतेम पाव तास लागतो.

त्यानंतर खरे पाहणे सुरू होते आणि त्याची वेळ पहाटेची, दव असतानाची. बुरशीचे तंतू हवेत उघडे वाढतात ते ओल असेपर्यंतच. ऊन चढले की ते सुकून दिसेनासे होतात, आणि दुपारी पाहणाऱ्याला केवळ मेलेले गवत दिसते. पहाटे गवतावर दिसणारे प्रत्येक पांढरे जाळे बुरशीचे असेल असे मात्र नाही. कोळ्याचे जाळे एका प्रतलात ताणलेले असते आणि त्यावर दवाचे थेंब ओळीने बसलेले असतात. बुरशीचे तंतू पात्यापात्यांमध्ये गुंतलेले, कापसाळ आणि वरखाली पसरलेले असतात. चट्टा मोठा असला तरी बसायचे त्याच्या कडेला, जिथे मेलेले, मरते आणि निरोगी असे तिन्ही प्रकारचे गवत हातभर अंतरात मिळते. मध्यभागातले गवत मरून गेल्यावर त्यावर इतर निरुपद्रवी कुजवणाऱ्या बुरशी वाढतात आणि त्या निदानाची दिशाभूल करतात. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. कडेवरचे अर्धे हिरवे, अर्धे वाळलेले पाते मुळापासून काढावे आणि टोकाकडून खाली सावकाश पाहत यावे.

समजा, त्या पात्याच्या मध्यावर पांढुरका, वाळलेल्या पेंढ्याच्या रंगाचा डाग आहे. तो पात्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा पसरला आहे, मध्ये किंचित चिंचोळा होऊन डमरूसारखा दिसतो आहे, आणि वर-खाली जिथे हिरवा भाग सुरू होतो तिथे लालसर-तपकिरी बारीक रेघ आहे. डागाच्या वरचे टोक अजून हिरवे आहे. हे दिसले की 'डॉलर स्पॉट' हे निदान जवळपास पक्के होते. हिरवळीवर हे चट्टे लहान, आखूड कापलेल्या गवतात पाचसहा सेंटिमीटर व्यासाचे आणि उंच राखलेल्या गवतात तळहाताएवढे असतात. पुढे ते एकमेकांत मिसळतात. या बुरशीला १९३७ साली मिळालेले शास्त्रीय नाव दीर्घकाळ वादात होते आणि २०१८ साली तिच्यासाठी 'क्लॅरिरीडिया' ही नवी प्रजाती स्थापन करण्यात आली, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ती 'स्क्लेरोटिनिया' म्हणून सापडेल. माळ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, नत्राची कमतरता, कोरडी माती आणि रात्रीचे भरपूर दव या तिन्हींचा संगम तिला हवा असतो. उपाशी आणि तहानलेल्या गवतावर पडणारा हा रोग आहे, आणि म्हणूनच 'बुरशी आली, पाणी आणि खत बंद करा' हा सरसकट दिला जाणारा सल्ला इथे उलटा पडतो.

याच्या अगदी विरुद्ध स्वभावाचा रोग म्हणजे 'ब्राउन पॅच', म्हणजे मोठे तपकिरी चट्टे. तो 'ऱ्हायझोक्टोनिया सोलानी' या बुरशीमुळे होतो. १८५८ साली यूलियस क्यून या जर्मन वनस्पतिरोगतज्ज्ञाने तिचे वर्णन बटाट्यावरून केले आणि भाताच्या पर्णकोश करपा या रोगामागेही हीच बुरशी आहे. थंड हवामानातल्या फेस्क्यू आणि रायग्रास या गवतांवर तिचा जोर उन्हाळ्यात असतो. रात्रीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली उतरत नाही आणि पाती सलग दहा तासांहून जास्त ओली राहतात, अशा रात्री ती एका झपाट्यात पसरते. चट्टे वीतभरापासून मीटरभरापर्यंत, साधारण गोल असतात आणि पहाटे दव असताना त्यांच्या कडेला करड्या-जांभळट रंगाची धुरकट कड दिसते. ही कड म्हणजे नुकतेच लागण झालेले, पाणी शोषून काळवंडलेले गवत. ती दिसते आहे याचा अर्थ रोग या क्षणी पुढे सरकतो आहे. पात्यावरचा डाग अनियमित आकाराचा, फिकट तपकिरी आणि गडद तपकिरी किनारीचा असतो. तो पात्याच्या पूर्ण रुंदीवर एकसारखा आडवा जात नाही, आणि डॉलर स्पॉटपासून तो वेगळा काढण्याची हीच खूण सर्वांत भरवशाची आहे. या बुरशीला नत्र आवडते. उन्हाळ्यात युरिया देऊन गर्द हिरवी, मऊ, लुसलुशीत केलेली हिरवळ तिच्यापुढे टिकत नाही.

उष्ण प्रदेशातल्या झॉयसिया, सेंट ऑगस्टीन यांसारख्या गवतांवर याच बुरशीचा जवळचा प्रकार वेगळ्या वेळी येतो : कडक उन्हाळ्यात तो गप्प असतो आणि गवताची वाढ मंदावण्याच्या किंवा पुन्हा सुरू होण्याच्या काळात, गार आणि ओल्या हवेत, डोके वर काढतो. तिथे पात्यावर डाग शोधण्यात अर्थ नसतो. कडेवरचे पाते हलकेच ओढले तर ते अलगद हातात येते आणि त्याचा बुंध्याकडचा आवरणाचा भाग कुजून गडद तपकिरी झालेला असतो. ऱ्हायझोक्टोनियाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती बीजाणूंनी वाऱ्यावर पसरत नाही. तंतूंनी सरकते आणि काडीकचऱ्याच्या थरात बारीक कठीण गाठींच्या रूपाने टिकून राहते. त्यामुळे हा रोग पुढल्या हंगामात त्याच जागी परततो, आणि जागा आठवणीत ठेवणे हा निदानाचाच भाग ठरतो.

तिसरा रोग खरोखर घाईचा आहे. दिवसाचे तापमान ३० अंशांच्या वर, रात्रीचे २० अंशांच्या वर, हवा दमट आणि जमिनीत पाणी तुंबलेले, अशा वेळी 'पिथियम' एका रात्रीत गवत लोळवतो. लागण झालेली पाती ओलसर, गडद आणि बोटांना बुळबुळीत तेलकट लागतात, ती एकमेकांना चिकटून आडवी पडतात आणि पहाटे त्यांवर दाट पांढरा कापसाळ थर दिसतो. चट्ट्यांचा आकारही बोलका असतो : पाणी ज्या उतारावरून वाहते त्या दिशेने, किंवा ओल्या गवतावरून यंत्र जिथून फिरवले त्या मागावर, ते लांबट पसरतात. मुद्दाम सांगायला हवे ते हे की, पिथियम खऱ्या अर्थाने बुरशीच नाही. तो जलबुरशींच्या वेगळ्या गटातला जीव आहे. त्याच्या पेशीभित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोज आणि ग्लुकन असतात आणि बुरशींना लागणारा एर्गोस्टेरॉल तो स्वतः तयार करत नाही. प्रोपिकोनॅझोल किंवा टेब्युकोनॅझोल यांसारखी ॲझोल गटातली औषधे नेमकी एर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखतात, त्यामुळे पिथियमवर ती मारून काहीही साधत नाही. त्याला मेटालॅक्सिल, मेफेनोक्सॅम किंवा प्रोपॅमोकार्ब अशी वेगळी औषधे लागतात. "बुरशीनाशक मारले तरी फरक नाही" या तक्रारीमागे मला हे कारण पुष्कळदा दिसते.

पानांवरच्या इतर रोगांपैकी तांबेरा ओळखायला सर्वांत सोपा : गवतातून चालल्यावर बुटांवर नारिंगी भुकटी बसते. तो मंद वाढणाऱ्या, नत्राची उपासमार झालेल्या, बहुधा सावलीतल्या गवतावर येतो, आणि थोडे नत्र देऊन वाढीला वेग आणला की रोगट टोके कापणीबरोबरच निघून जातात. औषधाची गरज क्वचितच पडते. भुरी म्हणजे पात्यावर पीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर. तो दाट सावली आणि कोंदट हवा यांचा परिणाम आहे. बायपोलॅरिस आणि ड्रेक्सलेरा या बुरशींचे बारीक गडद, जांभळट-तपकिरी ठिपके आधी पात्यावर पडतात, आणि दुर्लक्ष झाले तर बुरशी बुंध्यात उतरून हिरवळ विरळ होत जाते. हरळीच्या गवतात पालाशाची कमतरता या रोगाला विशेष मदत करते. सेंट ऑगस्टीन आणि रायग्रास यांवर येणारा करडा करपा भाताच्या करप्याशी नाते सांगणाऱ्या पायरिक्युलारिया या बुरशीचा असतो, आणि तो उष्ण, पावसाळी हवेत, जादा नत्र दिलेल्या कोवळ्या गवतावर तुटून पडतो.

अळिंबीच्या वर्तुळांबद्दल मात्र थोडे थांबून लिहावेसे वाटते, कारण हिरवळीवरचे इतके सुंदर आणि इतके चिवट दुखणे दुसरे नाही. जमिनीत गाडले गेलेले लाकूड, जुनी मुळे किंवा जाड सेंद्रिय थर कुजवत एक बुरशी मध्यबिंदूपासून सर्व दिशांना सारख्या गतीने बाहेर वाढत जाते आणि तिच्या वाढत्या कडेवर वर्तुळ उमटते. सेंद्रिय पदार्थ कुजताना मोकळे झालेले नत्र मिळाल्यामुळे तिथले गवत गडद हिरवे होते. वनस्पतीच्या वाढीवर थेट परिणाम करणारे एक रसायनही यात सामील असल्याचे जपानी संशोधकांनी २०१० साली दाखवले. लेपिस्टा सॉर्डिडा या अळिंबीपासून त्यांनी वेगळे केलेल्या या पदार्थाचे नाव २-अझाहायपोझँथिन. काही वर्तुळांत नुसती हिरवी कड असते, काहींत नुसत्या छत्र्या उगवतात, आणि तिसऱ्या, त्रासदायक प्रकारात वर्तुळावरचे गवत मरते. तिथे माती खणून पाहिली तर ती पांढऱ्या तंतूंनी भरलेली, कुबट वासाची आणि इतकी कोरडी असते की तिच्यावर ओतलेले पाणी थेंब होऊन ओघळून जाते. म्हणजे गवत बुरशीने खाल्लेले नसते, बहुतांशी तहानेने मेलेले असते. उपायही त्याच दिशेचा : वर्तुळाच्या पट्ट्यात बागकाट्याने दहाबारा सेंटिमीटर खोल भोके पाडणे, मातीत पाणी मुरवणारे ओलावक द्रव्य देणे आणि पुढे काही आठवडे ती जागा सलग ओलसर ठेवणे. नुसत्या हिरव्या वर्तुळाला बाकीच्या हिरवळीला बेताचे नत्र दिले की रंगातला फरक मिटतो. छत्र्या काढून टाकल्याने बुरशी मरत नाही; पण लहान मुले आणि पाळीव प्राणी असतील तर त्या अवश्य काढाव्यात. हिरवळीवर सर्रास उगवणारी क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस ही मोठी पांढरी छत्री विषारी आहे. तिच्या खालच्या पापुद्र्यांना वाढत्या वयाबरोबर हिरवट छटा येते.

आणखी एक घाबरवणारे पण निरुपद्रवी दृश्य सांगून हा भाग संपवते. दमट दिवसांत पात्यांवर अचानक करडे, काळे किंवा पिवळट दाणे चिकटल्यासारखे दिसतात. ही श्लेष्मबुरशी गवत खात नाही, केवळ त्यावर चढून बसते. पाण्याचा जोरदार झोत किंवा झाडूचा एक हात तिला पुरतो.

खात्री होत नसेल तर घरच्या घरी एक चाचणी करता येते. कडेवरची चारसहा पाती ओलसर कागदी रुमालात ठेवून पिशवी बंद करावी आणि घरातल्या सामान्य तापमानात एक रात्र ठेवावी. दुसऱ्या दिवशी डागांपासून ताजे पांढरे तंतू फुटलेले दिसले, तर बुरशीचा संशय बळावतो. दोनतीन दिवसांनी येणाऱ्या काळ्या-करड्या बुरशीला मात्र काही किंमत देऊ नये, कारण ती कोणत्याही मरत्या पानावर येते. प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा असेल, तर तो फवारणीच्या आधी, कडेवरून, मुळे आणि मातीसकट तळहाताएवढा कापून घ्यावा आणि वर्तमानपत्रात गुंडाळावा. त्यावर पाणी शिंपडू नये, कारण ओला नमुना वाटेतच सडतो.

आता उपचार, आणि त्यात पहिले पाणी. संध्याकाळी पाणी दिले की पात्यांचे ओले तास संध्याकाळपासून सुरू होतात आणि पहाटेच्या दवाला जोडले जाऊन दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत चालतात. बुरशीला लागणारे दहाबारा तास अशा रीतीने आपणच भरून देतो. तेच पाणी पहाटे, दव पडलेले असताना दिले, तर ओल्या तासांत जवळजवळ भर पडत नाही. शिवाय आणखी एक फायदा होतो. पहाटे पात्याच्या टोकावर जे थेंब दिसतात, त्यांतले काही हवेतून आलेले दव नसते, ते गवताने स्वतःच टोकांतून बाहेर टाकलेले पाणी असते आणि त्यात शर्करा व अमिनो आम्ले असतात. बुरशीसाठी ते तयार अन्न आहे. पहाटेचे पाणी ते धुऊन नेते. पाणी द्यायचे नसेल त्या दिवशी लांब दोरी किंवा पाण्याची नळी दोन टोकांना धरून गवतावरून ओढत नेली तरी थेंब झडतात आणि पाती लवकर सुकतात. डॉलर स्पॉटवर या साध्या कृतीचा खरोखर परिणाम होतो. पाणी रोज थोडेथोडे शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदोनदा, मिळून साधारण २५ मिलिमीटर, खोल मुरेल असे द्यावे आणि मधल्या काळात मातीला वाफसा येऊ द्यावा. किती पाणी पडते हे मोजायला हिरवळीवर सपाट तळाचे चारपाच डबे ठेवले की पुरे.

खताचा निर्णय निदानावरच अवलंबून असतो, आणि मी निदानावर एवढा भर देते त्याचे हेच मुख्य कारण आहे. ब्राउन पॅच, पिथियम किंवा करडा करपा असेल तर शीघ्र विरघळणारे नत्र त्वरित थांबवावे. डॉलर स्पॉट किंवा तांबेरा असेल तर सावकाश मिळत राहणारे नत्र थोड्या मात्रेत द्यावे. दोन चट्टे दुरून सारखेच दिसत असले तरी त्यांचे पथ्य परस्परविरोधी असते. माती तपासून घेऊन पालाशाची उणीव भरून काढणे दोन्ही परिस्थितींत हिताचे.

कापणीत एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नये, यंत्राचे पाते धारदार ठेवावे आणि ओल्या गवतावर यंत्र फिरवू नये. फाटलेले टोक ही बुरशीला उघडी ठेवलेली जखम असते. एरवी कापलेले गवत जागीच कुजू देणे चांगले, पण पिथियम किंवा ब्राउन पॅच चालू असताना ते गोळा करून दूर टाकावे आणि यंत्र धुऊन पुसून ठेवावे. माती आणि हिरवे गवत यांच्यामध्ये साचलेला काडीकचऱ्याचा थर सव्वा सेंटिमीटरपेक्षा जाड झाला असेल, तर गवताच्या जोमदार वाढीच्या हंगामात दंताळ्याने किंवा यंत्राने तो विरळ करावा. रोग जोरात असताना हे करू नये. आधीच आजारी गवताला तो घाव सोसत नाही. घट्ट मातीत पोकळ दात्यांनी छिद्रे पाडून वर कुजलेल्या खताचा पातळ थर पसरणे, झाडांच्या खालच्या फांद्या छाटून ऊन-वारा आत येऊ देणे, ही कामे दिसायला संथ आहेत, पण एकाच कोपऱ्यात दरवर्षी परतणारा रोग शेवटी त्यांनीच सुटतो. जिथे ऊन पोहोचूच शकत नाही, तिथे गवताचा हट्ट सोडून सावलीत वाढणारी दुसरी झाडे लावावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे करूनही रोग पसरत असेल तर औषधाची वेळ येते. बुरशीनाशक मेलेले पाते पुन्हा हिरवे करत नाही. ते फक्त निरोगी पात्यांना पुढची लागण होऊ देत नाही. म्हणून फवारणीनंतर पाहायचे ते चट्ट्याची कड पुढे सरकणे थांबले का, एवढेच. मॅन्कोझेबसारखी स्पर्शजन्य औषधे पात्याच्या पृष्ठभागावरच राहतात, पावसाने धुतली जातात आणि नव्या वाढीला संरक्षण देत नाहीत. ॲझोल गटातली औषधे, थायोफॅनेट-मिथाइल, ॲझॉक्सिस्ट्रोबिन ही आंतरप्रवाही आहेत आणि त्यांचा परिणाम साधारणपणे दोन ते चार आठवडे टिकतो. ॲझॉक्सिस्ट्रोबिनचा उगम मला नेहमी विलक्षण वाटतो : पाइनच्या गाडल्या गेलेल्या शंकूंवर वाढणारी एक चिमुकली अळिंबी इतर बुरशींना दूर ठेवण्यासाठी जे रसायन तयार करते, त्यावरून हा औषधांचा गट घडवला गेला. ब्राउन पॅचवर ते उत्तम चालते, पण डॉलर स्पॉटवर त्याचा भरवसा धरता येत नाही. याउलट थायोफॅनेट-मिथाइल डॉलर स्पॉटवर चालते, परंतु बायपोलॅरिस आणि ड्रेक्सलेराच्या पानठिपक्यांवर ते चालत नाही आणि त्याने तो रोग बळावूही शकतो. चुकीच्या औषधाने रोग वाढतो असे मी सुरुवातीला म्हटले ते या अर्थाने.

एकच औषध, किंवा वेगळ्या व्यापारी नावाखाली त्याच गटातले औषध, लागोपाठ वापरले की त्याला न जुमानणारे बुरशीचे वाण मागे उरतात. डॉलर स्पॉटच्या बाबतीत हे अनेक गटांच्या औषधांबद्दल सिद्ध झालेले आहे. म्हणून लेबलवर छापलेला गटाचा क्रमांक पाहून पुढची फवारणी दुसऱ्या क्रमांकाच्या औषधाची करावी. पानांवरच्या रोगासाठी औषध पात्यावर सुकले पाहिजे, तर बुंध्याच्या आणि मुळांच्या रोगासाठी ते पाण्याबरोबर खाली पोहोचले पाहिजे. मात्रा, हातमोजे, मुलांना आणि प्राण्यांना किती वेळ दूर ठेवायचे, आणि मुळात ते औषध घरगुती हिरवळीसाठी मान्य आहे का, या सर्वांसाठी लेबल हाच अंतिम शब्द मानावा. मात्रा वाढवल्याने रोग लवकर जात नाही. काही ॲझोल औषधे तर कडक उन्हात जास्त झाल्यास गवताची वाढच खुंटवतात.

ट्रायकोडर्मा आणि बॅसिलस सबटिलिस यांसारखी जैविक उत्पादने रोग पडण्याआधी, नियमित आणि जिवंत अवस्थेत दिली तर काही प्रमाणात उपयोगी पडतात. पेटलेला रोग विझवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये. खाण्याच्या सोड्याची फवारणी वारंवार केल्यास मातीत सोडियम साठतो आणि तिची घडण बिघडते, तर व्हिनेगर गवतच जाळते. घरात उपलब्ध आहे एवढ्या कारणाने एखादी गोष्ट सौम्य ठरत नाही.

कड थांबल्यानंतर मेलेले गवत दंताळ्याने हलकेच काढून घ्यावे आणि आठदहा दिवस वाट पाहावी. सरकत्या धुमाऱ्यांनी पसरणारे गवत असेल आणि बुंधे जिवंत असतील तर रिकामी जागा ते आपसूक भरून काढते. झुपक्याने वाढणाऱ्या गवतात मात्र बी टाकावे लागते, आणि ते टाकताना त्या रोगाला सहनशील अशा एकाहून अधिक वाणांचे मिश्रण निवडणे श्रेयस्कर असते. बी रुजताना वारंवार हलके पाणी द्यावेच लागते आणि कोवळ्या रोपांवर पिथियमचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो, त्यामुळे पेरणी उष्ण, दमट दिवसांत करू नये आणि बी ठरलेल्या मात्रेपेक्षा दाट टाकू नये. रोपे दोनदा कापणीला आली की पाणी पुन्हा पहाटेच्या, खोल आणि अंतराअंतराने देण्याच्या वेळापत्रकावर आणावे.